न सुजलेलं बोट

हॉस्पिटलात त्याला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेला माणूस, म्हणून भिंगरी. कामाने तो ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारा आणि पट्ट्या बांधणारा. तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत त्याचं टेबल होतं, दोन ट्रे, चाकांवरचा एक दिवा आणि पेशंटसाठी एक उंच स्टूल. स्वतःसाठी मागितलेली खुर्ची दहा वर्षांपूर्वी आली, तेव्हापासून तिच्यावर कापसाचे गठ्ठे बसत होते. ह्याला बूड टेकायची सवयच नव्हती. डबासुद्धा तो खिडकीशी उभा राहून खायचा, आणि खाताखाता बाहेर कोण लंगडत चाललंय त्यावर नजर. एकदा बसस्टॉपवर एका अनोळखी बाईच्या मनगटावरची ढिली पट्टी बघून त्याला राहवलं नाही. त्याने ती सोडून पुन्हा नीट बांधून दिली, आणि त्या भानगडीत दोघांचीही बस गेली. बाई पट्टीबद्दल काही बोलली नाही, बसबद्दल मात्र बरंच बोलली.

एकतीस वर्षं जखमा बघून त्याचा एक मंत्र झाला होता. पेशंट स्टुलावर बसला की हा म्हणायचा, "दाखवा." पेशंट दाखवण्याआधी सांगायला लागायचा, की रात्रभर ठणकलं, झोप नाही, असं नाही, तसं नाही. हा मध्येच तोडायचा. "दुखणं मला दिसत नाही हो. जखम दिसते. जखम खोटं बोलत नाही." मग हातमोज्यातल्या बोटाची पाठ कातडीवर टेकवून ऊब बघायची, कडा दाबायची, आणि निकाल द्यायचा. "लाल नाही, सुजलं नाही, गरम नाही, वाहत नाही. जा घरी." हा निकाल वॉर्डातल्या सिस्टरांना इतका पाठ झाला होता की चहात साखर विरघळली का असं कोणी विचारलं तरी त्या सुरात म्हणायच्या, लाल नाही, सुजलं नाही. भिंगरीला त्याचा राग नव्हता. उलट बरं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर निकाल चुकत नसे. नवशिके डॉक्टर चीर द्यावी की नको म्हणून घुटमळायचे, तेव्हा ह्याला बोलावणं यायचं, आणि हा दारातूनच सांगायचा, उद्या पिकेल, आज हात लावू नका.

घरी ह्याच्या अगदी उलट कारभार. बायको शिवणकाम करायची. नवीन कपडे नाही, दुरुस्तीची कामं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, झिजलेल्या कॉलरी उसवून उलट्या लावायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं मशीन. सकाळी बसली की दुपारी जेवायला उठायची आणि जेवून पुन्हा बसायची. ती बसलेली, तो फिरता, असा अठ्ठावीस वर्षांचा संसार. पोरबाळ झालं नाही. त्याचं दोघांनी एकदा पोटभर वाईट वाटून घेतलं आणि मग तो विषय मिटवून टाकला. जिना चढताना मशीनचा आवाज कानावर आला की भिंगरीला घरी आल्यासारखं वाटे. दार उघडायच्या आधीच तो म्हणायचा, "अगं, ऊठ जरा, पाय मोकळे कर." आणि ती न उठता म्हणायची, "तुम्ही बसा जरा, म्हणजे माझं डोकं मोकळं होईल."

मागच्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण पुन्हा उगवू नये म्हणून केमोचे सहा डोस घ्यायचे ठरले, तीन तीन आठवड्यांनी एक. ऑपरेशनची जखम भिंगरीने स्वतः धुतली आणि ती अशी सुबक भरली की सर्जननी चार विद्यार्थ्यांना आणून दाखवली. त्या दिवसापासून बायकोच्या मनात एक गोष्ट पक्की झाली, की अंगावरच्या कातडीचं काहीही असो, आपल्या माणसाने बघितलं की काळजी मिटली.

पहिल्या डोसच्या दिवशी केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरने दोघांना समोर बसवून सगळं समजावून सांगायला घेतलं. काय खायचं, काय टाळायचं, केस कधी गळतील. भिंगरी चार मिनिटं बसला. पाचव्या मिनिटाला त्याला काचेपलीकडे एक म्हातारा दिसला, पायाची पट्टी सुटून मागे शेपटासारखी लोंबत होती. तेवढं बांधून येतो म्हणून हा उठला. परत आला तेव्हा सिस्टरचं सांगून झालं होतं. बायकोला गरगरत होतं, तिने मान डोलावली होती खरी, पण कानावरून किती गेलं आणि कानात किती राहिलं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. सिस्टरने एक छापील कागद हातात दिला. घरी गेल्यावर वाचा म्हणाली. घरी गेल्यावर भिंगरीने तो टेबलावर ठेवला आणि मग विसरला.

दुसऱ्या डोसनंतर आठव्या दिवशी तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात सुई गेली. शिवणाऱ्या बाईला सुई टोचणं म्हणजे रोजचंच, तिने बोट नळाखाली धरलं आणि काम पुढे चालू केलं. संध्याकाळी मात्र म्हणाली, "अहो, ठणकतंय जरा."

"दाखव."

त्याने खिडकीशी नेऊन बघितलं. नखाच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. बाकी बोट जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली ठणकतंय, त्याने पुन्हा बघितलं. त्याला स्वतःच्याच डोळ्यांचं कौतुक वाटावं इतकी ती जखम स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मशीनवरून उठली आणि आपण होऊन पलंगावर आडवी झाली. तो घरीच होता, सुट्टीचा वार होता. ती आपण होऊन आडवी झालेली त्याने अठ्ठावीस वर्षांत फारच कमी वेळा बघितली होती. कपाळाला हात लावला तर तापलेलं. थर्मामीटर लावला, एकशे एक.

"बोट दुखतंय," ती म्हणाली. "सबंध हात दुखतोय."

त्याने बोट उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, कडा दाबली. तिने ओठ चावला. पण बोटावर काही नव्हतं. फिकट, सडपातळ, रोजचंच बोट. "लाल नाही, सुजलं नाही, गरम नाही, वाहत नाही," तो म्हणाला. "बोटाचं नाहीये हे. हवा बदललीय, कणकण असेल."

"तुम्ही बघितलंत ना, मग झालं."

त्याने तापाची गोळी दिली. दोन तासांत ताप उतरला, तिला दरदरून घाम आला, ती भात जेवली, तो निवांत झाला. निवांत म्हणजे त्याच्या हिशोबाने. त्या संध्याकाळी त्याने नळाची गळती काढली, मशीनचा डुगडुगणारा पाय कागदाची घडी सरकवून पक्का केला आणि सगळ्या खिडक्यांच्या कड्यांना तेल घातलं. मन कशात लागत नव्हतं. का ते कळत नव्हतं. काहीतरी करायचं राहिलंय, पण काय ते आठवत नाही, अशी घालमेल. एवढं दुखतंय म्हणते आणि दिसत काहीच नाही, हे त्याच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. पण त्याचा डोळ्यांवर भरवसा होता, आणि तिचा त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच पेशंट एक सुतार. अंगठ्यात लाकडाचं कुसळ गेलेलं, चार दिवस अंगावर काढलेलं, आणि आता अंगठा पिकल्या टोमॅटोसारखा टरारलेला. नखुर्डं. लाली मनगटाकडे सरकू लागली होती. भिंगरीने नेहमीसारखं "दाखवा" म्हटलं, सुतार नेहमीसारखा दुखण्याचं रडगाणं गायला लागला, आणि ह्या वेळी भिंगरीच्या तोंडून त्याचं नेहमीचं वाक्य निघेचना. चार दिवसांत सुताराचा अंगठा हा असा. घरचं बोट तीन दिवस ठणकतंय आणि कोरं. त्याने डॉक्टरांना हाक मारून चीर देववली, पू निघाला, सुताराने सुस्कारा सोडला. तपासणीचा नमुना न्यायला माणूस यायचा होता, पण भिंगरीच्या पायांना तोवर थांबवेना. तो स्वतःच नळी घेऊन लॅबकडे निघाला.

लॅबमध्ये एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. मायक्रोस्कोपला डोळे लावून पांढऱ्या पेशी मोजण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मशीनं आली तरी ज्या नमुन्याचा मशीनला उलगडा होत नाही तो काचेवर पसरून बाईंच्या पुढ्यात येई. बाई मोजक्या बोलायच्या आणि बोलल्या की टोचायचं.

"बस," बाई म्हणाल्या.

"नको, उभाच बरा आहे."

"काच रंगवायला पाच मिनिटं लागतील. तुझ्या येरझाऱ्यांनी माझं टेबल हलतंय."

तो भिंतीला टेकला. पाच मिनिटांत तीनदा घड्याळ बघितलं. मग बाईंनी काच लावली, बघितली, आणि काय वाटलं कोण जाणे, उठून त्याला जागा दिली. "बघ. एकतीस वर्षं पू पुसतोयस, तो असतो काय ते कधी बघितलंयस का?"

भिंगरीने डोळा लावला. गुलाबी पेशींची नुसती दाटी होती, एकीला एक चिकटून, आणि त्यांतल्या कितीतरी पेशींच्या पोटात गडद जांभळे दाणे, घोळक्याने.

"दाणे म्हणजे जंतू," बाई मागून सांगत होत्या. "गुलाबी त्या आपल्या पांढऱ्या पेशी. खाल्लेत त्यांनी जंतू."

"ह्यांना कळतं कसं, हे परकं आहे म्हणून?"

"चेहरा नाही बघत ह्या. कुठला जंतू, कधी भेटला होता, काही विचारत नाहीत. ती चौकशी करणाऱ्या पेशी निराळ्या, त्यांची तयारी व्हायला आठवडा जातो. ह्या फक्त वरचं कवच चाचपतात. जंतूंच्या अंगावर जे असतं ते आपल्या कुठल्याही पेशीवर नसतं. ते हाताला लागलं की बास, कोणाची परवानगी काढायला जात नाहीत." बाईंनी चष्मा पुसला. "कातडीत काही पेशी आधीपासून मुक्कामाला असतात. पहिल्यांदा त्यांना चाहूल लागते, त्या हाक देतात. हाकेने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम. वाहिन्या पाझरतात, म्हणून सूज. त्या पाझरातून ह्या बाहेर पडतात, धावत येतात, खातात आणि एक-दोन दिवसांत मरतात. तो तुझा पू. आणि तीच हाक डोक्यापर्यंत पोचली की ताप."

भिंगरीने मायक्रोस्कोपवरचा डोळा काढला नाही. पण तो आता काही बघत नव्हता.

"बाई, आणि ह्या नसल्याच तर?"

"नसल्या म्हणजे?"

"म्हणजे रक्तातच नसल्या. औषधाने वगैरे."

"तर हाक देणारे हाका मारत बसतील, धावणारं कोणी नाही. सूज नाही, लाली असली तर नावाला, पू तर नाहीच. जखम दिसेल धुतल्यासारखी. ताप तेवढा येईल. तेवढंच एक कळायला उरतं." बाईंना त्याच्या बायकोची केमो आठवली. "तुझ्या बायकोचा कितवा दिवस आज?"

"अकरावा."

"ताप?"

"काल होता. गोळीने उतरला."

गोळी कोणी दिली हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त दाराकडे बोट केलं. "घेऊन ये. मी खाली कळवते. आधी ये, मग बोल."

अंगावरचा ॲप्रन, हातातले मोजे, तसाच तो निघाला. रस्ता बारा मिनिटांचा. ह्या बारा मिनिटांत रोज त्याला चार लंगडे आणि दोन पट्ट्या तरी दिसायच्या. आज समोरून काय गेलं ते त्याला सांगता आलं नसतं. डोक्यात एकच होतं. हाक मारणारे हाका मारत होते, आणि मी गोळी देऊन त्यांचं तोंड दाबलं. तेवढंच एक कळायला उरलं होतं, तेही मी पुसून टाकलं. जिन्यात शिरल्यावर तो थबकला. वर मशीनचा आवाज नव्हता.

ती मशीनजवळच जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, अंगाभोवती चादर. समोर कोणाची तरी पँट आणि हातात सुई. दात वाजत होते.

"अहो, दोरा ओवत नाहीये," ती म्हणाली. "कधीची बघतेय, भोकच सापडत नाही."

त्याने सुई काढून घेतली. हात गार होते, कपाळ भाजत होतं, आणि त्याही अवस्थेत, सवयीने, त्याची नजर बोटाकडे गेली. बोट स्वच्छ होतं. त्याला त्या स्वच्छपणाची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या जखमेची भीती वाटली, आणि तीही अशी, की जिच्यात घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

टॅक्सीतून उतरताना केमोचा पेशंट, ताप, एवढं म्हटल्याबरोबर स्ट्रेचर आलं. बाईंचा फोन आधीच गेला होता. अर्ध्या तासाच्या आत शिरेतून औषध सुरू झालं. केमोच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या, त्यांनी रक्तदाब बघितला, बोट बघितलं आणि मग भिंगरीकडे बघितलं.

"ताप कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"काल दुपारपासून. आणि आज आणताय. तुम्ही?"

रक्त तपासायला वर लॅबमध्ये गेलं. सहाशे पांढऱ्या पेशी, जिथे चार हजार तरी हव्यात. त्यातल्या धावणाऱ्या किती, ते बघायला बाईंनी सगळी काच पालथी घातली. चार सापडल्या. जंतू बोटातून रक्तात गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या दोन दिवसांचं काही सांगता येणार नाही.

दुपारी तिचे कपडे आणायला तो घरी आला. कपाट उघडताना धक्का लागला तरी मशीन हललं नाही, आणि ते का हललं नाही हे त्याला आठवलं. त्याने वाकून मशीनच्या पायाखालची कागदाची घडी ओढून काढली. केमोच्या वॉर्डातला छापील कागद. काल संध्याकाळी हाताशी आला तो कागद त्याने घेतला होता, न बघता. तिसरी ओळ जाड अक्षरांत होती. ताप आल्यास तापाची गोळी घेऊ नये, त्वरित रुग्णालयात यावे, जखम लहान दिसली तरी. शेवटचे चार शब्द त्याने पुन्हा पुन्हा वाचले. मग तो तिथेच फरशीवर बसला, ज्या जागी सकाळी ती बसली होती, आणि हमसून रडला. हे त्याचं रडणं कोणी बघितलं नाही, आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस म्हणजे भिंगरीला शिक्षाच होती. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. आत जायचं तर हात धुऊन, मास्क लावून, दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं. बाकी वेळ बाहेरच्या बाकावर. बाक त्याला सोसवत नसे. बसला की पाय हलायचे, पाय हलले की उठायचा, उठला की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचा, आणि टोकाला पोचला की वाटायचं, आपण इकडे आलो आणि तिकडे काही झालं तर. परत यायचा. सिस्टरने एकदा मोजलं, एका तासात एकेचाळीस खेपा. तळमजल्यावर दुसऱ्या माणसाला उभं केलं होतं, त्याच्याकडे जाऊन मदत करावी तर हातात चिमटा धरवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "शेक देऊ का? बारीक चीर देऊन बघू का? आत कुठे साठलं असलं तर."

"काय साठणार? साठायला आत काही आलेलंच नाही. आणि चीर दिली तर ती भरायला कोण येणार?"

"मग मी काय करू?"

"बसा," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "हाडांच्या आतून नव्या पेशी तयार होतायत. त्यासाठी इंजेक्शन देतोय, पण त्यानेही फार घाई होत नाही. तोवर जंतूंना औषधाने थोपवून धरायचं. तुमच्या हातचं काम नाहीये हे."

रोज सकाळी रक्त वर जायचं आणि हा लॅबच्या दाराशी. बाई मान वर न करता आकडा सांगायच्या. सहाशे. मग पाचशे. मग पुन्हा पाचशे. तिसऱ्या दिवशी ताप जरा खाली आला, रक्तदाब सावरला, ती दोन घोट पाणी प्यायली. पण आकडा तिथेच, आणि बोटही तसंच. दहा मिनिटांच्या भेटीत तो आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग बोटाकडे. जो माणूस जन्मभर लालीच्या मागे हात धुऊन लागला होता, तो आता मनातल्या मनात लालीची वाट बघत होता. ये बाई एकदाची. सूज, फुग, हवं तेवढं ठणक, पण ये.

चौथ्या दिवशी त्याने तिला सांगितलं. मास्कमधून, खाली बघून. "ती गोळी मी दिली. घ्यायची नव्हती. कागदावर लिहिलं होतं, तो कागद मी मशीनखाली घातला."

तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "मी तीन दिवस सांगत होते, दुखतंय म्हणून."

"हो."

"तुम्ही बोटाला विचारत होतात. मला नाही."

दहा मिनिटं संपली म्हणून सिस्टरने काचेवर टकटक केलं.

पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, नऊशे. सहाव्या दिवशी, दीड हजार, आणि ह्या वेळी त्यांनी मान वर केली. "धावणाऱ्या बऱ्याच आहेत. कोवळ्या आहेत, पण आहेत."

सातव्या दिवशी सकाळी तो आत गेला तर ती उशीला टेकून बसलेली, कपाळाला आठ्या, हात छातीशी धरलेला. "रात्रीपासून जीव नकोसा केलाय ह्या बोटाने. आधी दुखत होतं ते काहीच नाही. मेलं धडधडतंय नुसतं."

त्याने हात पुढे केला. बोट लालबुंद होतं. नखाची बाजू टरारून वर आलेली, कातडी ताणून चकाकणारी, आणि मोज्यातूनसुद्धा लागावी अशी ऊब. मध्यभागी पिवळसर ठिपका. भिंगरीने डॉक्टरीणबाईंना बोलवायला सिस्टरला पाठवलं, स्वतः हलला नाही.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं, हसल्या. "आल्या म्हणायच्या. बारीकशी चीर हवी. मी देते, धुवायला खालच्या नव्या माणसाला बोलावू का?"

"कशाला?" बायको म्हणाली. "ह्यांनाच करू दे. हात हलका आहे ह्यांचा. डोळ्यांचं तेवढं बघायला हवं."

ट्रे आला. बोट बधिर केलं, पण ते पुरतं बधिर कुठे होतं. डॉक्टरीणबाईंनी पात्याचं टोक टेकवलं, आणि पू आला. घट्ट, पिवळट पांढरा, वाटाण्याएवढा. भिंगरीने तो कापसाच्या बोळ्याने टिपला. असले बोळे त्याने एकतीस वर्षांत किती पुसून फेकले असतील त्याची मोजदाद नाही. हा बोळा मात्र त्याच्या हातातच राहिला. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. ह्या सगळ्या धावत आल्या होत्या. दहा दिवस हाका चालल्या होत्या, त्या ऐकून आल्या होत्या, कोवळ्या कोवळ्या, आणि आल्या आल्या कामाला लागून मेल्या होत्या. त्याच्या मास्कच्या कडेने पाणी ओघळायला लागलं.

"अहो," बायको म्हणाली, "बोट माझं फुटलंय आणि रडताय तुम्ही."

त्याने बोळा ट्रेमध्ये ठेवला, जखम धुतली, पट्टी बांधली. अशी पट्टी, की तिचं टोक शोधून सापडू नये. मोजे काढले. डॉक्टरीणबाई गेल्या, सिस्टर ट्रे घेऊन गेली. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण काचेवर कोणी टकटक केलं नाही. भिंगरी दाराकडे गेला, आणि दारातून परत आला.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. हा प्रश्न तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "दुखतंय."

"कसं? ठणकतंय, की चरचरतंय?"

"चरचरतंय. वर कोपरापर्यंत ओढ लागते. आणि पट्टी घट्ट झालीय थोडी."

त्याने पट्टी सोडली आणि जरा सैल बांधली. मग भिंतीकडचं स्टूल पलंगाजवळ ओढून घेतलं आणि बसला.

"अजून सांग," तो म्हणाला.